झटक्यांची वही

तुम्ही रोज जाता त्या ऑफिसात, शाळेत किंवा तुमच्या इमारतीत अशी एखादी वस्तू आहे का, जिच्याजवळून जाताना तुमचा हात आपोआप मागे येतो? हलणारा कठडा, सोललेली वायर, मधेच अडकणारी लिफ्ट? असेल, तर ती धोक्याची आहे हे तुम्ही आजपर्यंत कुणाला लेखी कळवलंय?

हा प्रश्न विचारायचा मला फारसा अधिकार नाही. मी स्वतः एकोणीस दिवस कळवलं नव्हतं, आणि ते एकोणीस दिवस आम्ही एका वहीत नीट मांडून ठेवले होते.

आमच्या कॉलेजच्या विभागात तळमजल्यावर, जिन्याशेजारी, पिण्याच्या पाण्याचा कूलर होता. स्टीलचा, दोन नळांचा. भिलाईत होळी झाली की ऊन डोक्यावर येऊन बसतं, आणि त्या कूलरपुढे सकाळपासून बाटल्यांची रांग लागायची. त्या वर्षी होळीनंतर तो झटके देऊ लागला. मोठे नव्हेत. नळाला बोट लागलं की मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या, बस. पोरं हसायची, एकमेकांना पुढे ढकलायची. "जा, चार्ज होके आ." पायात बूट-चप्पल आहेत म्हणून आपलं झिणझिण्यांवर भागतंय, हे त्या हसण्यात कुणाच्या ध्यानात नव्हतं. फक्त एकाच्या होतं.

तो आमच्या गेम थिअरी क्लबचा प्रमुख. शेवटच्या वर्षाचा, भिलाईतल्याच सुपेल्याचा. त्याच्या वडिलांचं तिथे मोटर वाइंडिंगचं दुकान. कूलर झटके मारतो हे कळल्यावर तो खाली आला आणि त्याने तळहात नाही, हाताची मागची बाजू स्टीलला लावून पाहिली. विजेचं काम करणाऱ्यांची ही रीत असते. झटक्याने मूठ आवळली जाते. तळहात लावला असेल तर माणूस चिकटून राहतो, उलटा हात लावला तर सुटतो. "अर्थिंग कटा है," तो म्हणाला. "दस मिनट का काम है." मग दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणाला, "लेकिन बोलेगा कौन?"

तिथून सगळं सुरू झालं.

क्लब म्हणजे आम्ही सात जण. दर बुधवारी चार वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात बसायचो. समोरचा काय करेल या अंदाजाने माणूस आपली चाल ठरवतो, आणि समोरचाही तेच करत असतो. या गुंत्याचं गणित म्हणजे गेम थिअरी. आम्ही ते पुस्तकातून कमी आणि खेळून जास्त शिकायचो. प्रत्येकाने चिठ्ठीवर 'साथ' किंवा 'दगा' लिहायचं, चार घड्या घालायच्या आणि भिलाईबाहेरच्या अहिवाऱ्याहून बसने येणाऱ्या क्लबमधल्या मैत्रिणीच्या रिकाम्या डब्यात टाकायचं. त्या चिठ्ठ्यांना लोणच्याचा वास यायचा. बाकीचा विभाग आम्हाला लूडोवाले म्हणायचा. "क्या लूडोवालों, आज किसकी गोटी पिटी?"

मला तो क्लब मनापासून आवडायचा, आणि त्याचं कारण माझ्या घरात होतं. आमचं घर पत्रकांचं. वडील मूळचे वर्ध्याकडचे, भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये सेफ्टीच्या ऑफिसात क्लार्क; तरुणपणी कामगारांची पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती स्वयंपाकघरात बसून पत्रकांच्या घड्या घालताना. प्रत्येक पत्रकात एक अन्याय असायचा, पुष्कळ उद्गारचिन्हं असायची आणि तळाशी ठरलेली ओळ: निवेदक, समस्त श्रमिक. तेराव्या वर्षी मी शाळेत माझं पहिलं पत्रक काढलं, मुलींच्या बाथरूमला कडी नाही म्हणून. तळाशी लिहिलं, समस्त छात्राएँ. आठवड्यात कडी लागली. मला वाटलं, लढायचं ते असंच.

त्या बुधवारी क्लबप्रमुखाने फळ्यावर कूलर काढला आणि त्याच्याभोवती ठिपक्यांची माणसं. धोका सगळ्यांना दिसतो आहे. एकाने तक्रार केली की भलं सगळ्यांचं होतं. त्रास मात्र त्या एकालाच. विभागप्रमुख सर त्याला बोलावणार, तुलाच बरा झटका लागतो म्हणणार, अर्ज लिहून सही करायला लावणार, आणि इंटर्नलचे मार्क सरांच्याच हातात. म्हणून प्रत्येक जण थांबतो, दुसरा कुणी बोलेल म्हणून. याला त्याने 'पुढे कोण होणार' असं नाव दिलं. मग त्याने गणित मांडलं, आणि उत्तर निघालं. धोका जितक्या जास्त लोकांना माहीत, तितकी कुणी एकानेही बोलण्याची शक्यता कमी होत जाते.

माझ्या अंगावर काटा आला. लाजेने सांगते, तो आनंदाचा काटा होता. एवढं सुंदर, एवढं दुष्ट गणित मी पहिल्यांदाच पाहत होते.

"किताब में तो है," तो म्हणाला. "सच में होता है क्या, देखते हैं. नीचे सबको पता है. कितने दिन में कोई बोलता है, नोट करेंगे. बस अपन में से कोई नहीं बोलेगा. बोला तो डेटा खराब."

"कोई मर-वर गया तो?" अहिवाऱ्याच्या मैत्रिणीने विचारलं.

"गुदगुदी से कौन मरता है?" कुणीतरी मागून म्हणालं, आणि आम्ही हसलो. सातही हात वर झाले. त्यात माझा सगळ्यांत आधी.

दोनशे पानी वही आणली. आळीपाळीने एकेकाने रोज तासभर कूलरसमोरच्या बाकावर बसायचं आणि लिहायचं: वेळ, कोण, झटका बसला का, त्याने कुणाला सांगितलं. आठ-दहा दिवसांत वहीची पानं भरली आणि शेवटचा रकाना एकसारखा राहिला. मित्राला सांगितलं. मैत्रिणीला सांगितलं. कुणालाच नाही. एका प्राध्यापकांनाही झटका बसला. त्यांनी हात झटकला, इकडेतिकडे पाहिलं आणि बाटली न भरता वर निघून गेले. आम्ही त्या नोंदीखाली दोन रेघा मारल्या.

मग एका सकाळी नळाशेजारी सुतळीला बांधलेली लाकडी फूटपट्टी लटकताना दिसली. कुणी बांधली ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिने नळ दाबायचा, पाणी घ्यायचं, पट्टी सोडून द्यायची, झटका नाही. दोन दिवसांत सगळ्यांना ती सवय झाली, जशी मोडकं दार खालून उचलून लावायची होते. आम्ही वहीत कौतुकाने लिहिलं: 'आपसात सहकार्य सुरू.' त्या पट्टीने तक्रार करायचं शेवटचं कारणही काढून घेतलं, हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही.

पट्टी सगळ्यांसाठी होती, एक बाई सोडून. आमचा मजला पुसायला खुर्सीपार वस्तीतून एक बाई यायची, ठेकेदाराकडून. पन्नाशीची, बारीक, कामात बोलत राहायची. कूलर पुसणं तिचं काम होतं, आणि फूटपट्टीने कूलर पुसता येत नाही. सोळाव्या दिवशी मी बाकावर होते. ती बादली खाली ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नोनी, ये मशीन ह झटका मारथे," ती म्हणाली. नोनी म्हणजे छत्तीसगढीत पोरी. "मैं तो चार दिन ले दूरिहा ले पोंछत हंव. तैं पढ़े-लिखे हस. साहब ला बता देबे."

चार दिवसांपासून लांबूनच पुसते आहे, तू शिकलेली, साहेबांना तू सांग, असं ती म्हणत होती. मी मान हलवली. ती बघत असतानाच मी वही उघडली आणि लिहिलं: 'सफाईवाली बाई. झटका: हो. कुणाला सांगितलं: विद्यार्थिनीला.' मग वही मिटली. ती हसली, बादली उचलली आणि गेली. मी त्या दिवशी सरांकडे गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. डेटा खराब झाला असता.

एकोणिसाव्या दिवशी माझी पाळी नव्हती. अहिवाऱ्याच्या मैत्रिणीची बस चुकली म्हणून मी बसले. दुपारचे तीन वाजत आले होते, मजला रिकामा होता. ती आली. जिन्याजवळ चपला काढल्या, पुसलेल्या फरशीवर ठसे उमटू नयेत म्हणून ती नेहमीच काढायची. फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, आणि ओल्या पायांनी सरळ कूलरकडे निघाली. माझ्या मनात आलं, ओरडावं. लगेच दुसरा विचार आला: तिला माहीत आहे की, तिनेच तर मला सांगितलं. आणि मी पेनाचं टोपण काढलं.

त्या टोपणाचा 'टक' आवाज मला अजून ऐकू येतो.

ती किंचाळली नाही. घशातून एक जाड, दबका आवाज आला आणि तिचा हात स्टीलला चिकटला. फडकं मुठीत, सगळं अंग थरथरतंय, डोळे माझ्याकडे. मी उठले, आणि पुढे काही नाही. पाय उचलेनात. मला फक्त एवढंच कळत होतं की तिला हात लावला तर मीही चिकटेन. जिन्यावरून क्लबप्रमुख उतरत होता. त्याने वरच्या पायऱ्यांवरूनच उडी टाकली, भिंतीपाशी धावला आणि बटण बंद केलं.

बटण तिथेच होतं. भिंतीवर, कूलरपासून दोन हातांवर. एकोणीस दिवस.

ती कोसळली, डोकं बादलीच्या काठावर आपटलं. श्वास चालू होता. तिला ऑटोत घालून नेलं तेव्हा तिच्या चपला जिन्यापाशीच राहिल्या होत्या.

संध्याकाळी व्हरांड्यात ठेकेदाराचा सुपरवायझर सरांना सांगत होता, "गीले हाथ, नंगे पैर. इन लोगों को कितना समझाओ. गलती उसी की है."

"आज तक एक भी कम्प्लेंट नहीं आई," सर म्हणाले. "खराबी होती तो इतने बच्चों में से कोई तो बताता." ते खोटं बोलत नव्हते, हेच भयंकर होतं.

चूक तिची ठरली तर तिचं काम जाणार होतं आणि इलाज तिचा तिला करावा लागणार होता. मशीन आधीपासून बिघडलेलं होतं याचा पुरावा जगात एकच होता. तो माझ्या पिशवीत होता, आमच्या सातही जणांच्या अक्षरात.

शनिवारी आम्ही सुपेल्यात, क्लबप्रमुखाच्या वडिलांच्या दुकानामागे भेटलो. तांब्याच्या तारेचे गुंडाळे, वार्निशचा वास. मोबाइलवरचा आमचा ग्रुप तोवर कुणीतरी पुसून टाकला होता.

"फाड़ दे," एक जण म्हणाला.

"पुलिस पूछेगी, तुमको पता था, फिर भी बैठ के लिख रहे थे? क्या बोलेंगे?"

"मेरे पापा पढ़ाई छुड़वा देंगे," अहिवाऱ्याची मैत्रीण रडत म्हणाली. "मेरा नाम मत लेना यार, प्लीज."

क्लबप्रमुखाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो हळूच म्हणाला, "कोई एक जाके दे दे. बाकी छह बच जाएँगे."

कुणीच पुढे झालं नाही. फळ्यावरचं तेच गणित, आता आम्ही त्यातले ठिपके. मी खाली बघत राहिले. वही कुणी घेईना म्हणून माझ्याकडेच राहिली.

त्या रात्री मला फ्रिजचं दार उघडवेना. आईने दूध मागितलं आणि मी ओढणीचं टोक हाताला गुंडाळून मूठ ओढली. "काय करून राहिली वं?" आई म्हणाली. मी दूध तिच्यापुढे ठेवलं. पंख्याचं बटण, गीझर, मोबाइलचा चार्जर, सगळं घर माझ्याकडे बघत होतं. दारावर कुणी टकटक केलं की मी वही आणखी आत सरकवायची.

रविवारी मी खुर्सीपारला गेले, तिच्या चपला पिशवीत घालून. खरं कारण सांगायचं तर मला बघायचं होतं, तिला किती आठवतंय. ती खाटेवर टेकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, कपाळावर टाके. मला बघून ती उलट सावरून बसली. मी कसंबसं म्हटलं, त्या दिवशी तुम्ही ओल्या हातांनी का गेलात, तुम्हाला तर माहीत होतं.

"तैं लिखे रहे न, नोनी," ती म्हणाली. "मोर आगू म लिखे रहे. मैं सोचेंव, अब बन गे होही."

तू माझ्यासमोर लिहिलंस. मला वाटलं, आता दुरुस्त झालं असेल.

तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. शिकलेली पोरगी ऐकते आहे आणि कागदावर लिहिते आहे, म्हणजे ते कुठेतरी पोचणारच, असा तिचा हिशोब. त्याच भरवशावर तीन दिवस थांबून ती जवळ गेली. मी लिहिलं नसतं तर ती लांबूनच पुसत राहिली असती.

घरी येऊन मी वडिलांसमोर वही ठेवली. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. काहीही बिघडलं की त्याला लाल टॅग बांधायचा आणि दुरुस्त होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, ही त्यांच्या प्लांटमधली पद्धत. एकदा आईच्या मिक्सरने नुसती झिणझिणी दिली, तर त्यांनी त्याला सुतळीने लाल टॅग बांधला होता. चार दिवस चटणी पाट्यावर वाटत आई बोलत होती, "तुमच्या प्लांटचा कायदा माह्या मिक्सरले कायले लावता? उद्या मलेही टॅग बांधसान!" त्या माणसाची मी मुलगी.

त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी कधी पाहिलं नव्हतं असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते घाबरले होते.

"अर्ज लिही," ते म्हणाले. "वही संगं जोड. पण नाव नोको टाकू. खाली लिही, समस्त विद्यार्थी."

"सर विचारतील ना, कुणी लिहिलं."

"विचारू दे. आमी इतकी पत्रकं काढली, कधी नाव टाकलं का? नाव टाकलं का माणूस धरल्या जाते बेटा. तुवं शिक्षण आहे पुढं."

आई दारात कणकेच्या हातांनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "त्या बाईनं कोणाले सांगतलं होतं?" तिने मला विचारलं. "समस्तले, का तुले?"

वडिलांनी वही मिटली.  आई आत गेली आणि पोळपाटाचा आवाज सुरू झाला.

सोमवारी अकरा वाजता मी सरांच्या खोलीबाहेर उभी होते. दोन पानी अर्ज, वहीच्या झेरॉक्स प्रती, तळाशी माझं पूर्ण नाव आणि सही.  सरांनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. "और कौन-कौन था?" मी म्हटलं, सर, मी माझ्यापुरतं लिहिलंय. "इसका मतलब समझती हो?" मी हो म्हणाले, आणि माझ्याकडची प्रत पुढे करून पोच मागितली.  त्यांनी शिक्का मारला.

मी शूर झाले होते, असं समजू नका. बाहेर येऊन मी बाथरूममध्ये उलटी केली. कडी घट्ट लावून.

संध्याकाळपर्यंत क्लबप्रमुखाने त्याच अर्जाखाली सही केली. दुसऱ्या दिवशी अहिवाऱ्याच्या मैत्रिणीने. बाकीच्या चौघांनी कधीच नाही. ते आजही भेटले की मला ओळख देतात, मीही देते. क्लब बंद झाला. आम्हा तिघांना लेखी समज मिळाली, आणि ती योग्यच होती. कूलर उचलून नेला. बाईवरचा ठपका कागदावरून निघाला, इलाजाचा खर्च ठेकेदाराला करावा लागला, काम राहिलं. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. मी कधी भेटायला गेले की ती त्याच हाताने चहा देते, आणि कप घेताना मला दर वेळी भीती वाटते.

या लेखात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही. त्या अर्जावर माझं लिहिलं होतं, आणि लिहायचं असतं ते तिथेच.

आता सुरुवातीला विचारलेली ती वस्तू आठवा. ती सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच कुणी बोललेलं नाही. आज एक कागद घ्या. काय बिघडलंय, कुठे, कधीपासून, एवढंच लिहा. तळाशी 'समस्त' लिहू नका. स्वतःचं पूर्ण नाव लिहा, सही करा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आणि त्या वस्तूचं बटण तुमच्या हाताला लागत असेल, तर कागद शोधायच्या आधी उठून ते बंद करा.